घसरण्याची विद्या

मराठीत घसरणं या क्रियापदाला चांगले दिवस कधी आलेच नाहीत. पाय घसरतो, जीभ घसरते, कांद्याचा भाव घसरतो, निवडणुकीच्या दिवसांत भाषणांची पातळी घसरते. एक लहान मुलांची घसरगुंडी तेवढी या शब्दाची अब्रू राखून आहे. बर्फाच्या मुलखात मात्र घसरणं ही रीतसर शिकायची गोष्ट आहे. तिच्या शाळा आहेत, शिक्षक आहेत, नियमही आहेत. आज या विद्येतल्या एका छोट्या साधनाविषयी बोलायचं आहे. त्याचं नाव स्कीबोर्ड, म्हणजे आखूड स्की.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो फोनवरून. माझा भाचा म्युनिकला नोकरी करतो. तिथून रेल्वेनं दीड तासाच्या आत गार्मिश-पार्टेनकिर्शेन हे आल्प्सच्या पायथ्याचं गाव येतं आणि तिथून पुढं त्सुगश्पिट्झ हे जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर, २,९६२ मीटरचं. आपल्याकडची पोरं रविवारी सिंहगडावर जातात तशी तिकडची मंडळी हिवाळ्यात सुट्टी आली की पाठीला स्की लावून गाडीत चढतात. भाचा म्हणाला, "मामू, लांब स्की घेऊन गर्दीच्या डब्यात चढणं म्हणजे वरातीत शिडी घेऊन शिरणं. त्यापेक्षा आखूड घेऊ का? मित्र म्हणतात, शिकायलाही सोप्या." प्रश्न साधा होता, पण उत्तर तितकं साधं निघालं नाही. पुढं दोन हिवाळे मी त्याच्याकडे राहून आलो. उतारावर कमी आणि उताराखालच्या बाकावर जास्त वेळ बसलो. बाकावरून बरंच काही दिसतं.

आधी नावांचा घोळ निस्तरू. स्नोबोर्ड म्हणजे एकच रुंद फळी. दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधायचे आणि कुशीवर उभं राहून खाली यायचं. स्की म्हणजे दोन फळ्या, प्रत्येक पायाला एक, तोंड समोर आणि हातात दोन काठ्या. स्कीबोर्ड म्हणजे नावात बोर्ड असूनही स्कीच, पण आखूड. साधारण उंचीच्या माणसाची स्की १६० ते १७५ सेंटिमीटर भरते. स्कीबोर्ड बहुधा एक मीटरच्या आत असते, ७५ ते ९९ सेंटिमीटर. तिची दोन्ही टोकं वर वळलेली असतात, म्हणून उलटंही घसरता येतं. आणि काठ्या लागत नाहीत, हात मोकळे राहतात.

स्की हा शब्द नॉर्वेकडून आला. जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ चिरलेलं लाकूड. हजारो वर्षं ही चिरलेली लाकडं पायाला बांधून माणसं शिकारीला, सरपणाला आणि शेजारच्या गावाला गेली. खेळ फार नंतर आला. आखूड स्कीची लाट तर अगदी अलीकडची. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ऑस्ट्रियातल्या क्नाइस्ल कंपनीनं बिगफूट नावाची बुटकी स्की काढली. तिच्या पुढच्या टोकाला चक्क पायाच्या बोटांचा आकार होता. १९९५ मध्ये अमेरिकेत जेसन लेव्हिन्थाल या तरुणानं लाइन ही कंपनी काढून स्कीबोर्ड बनवायला सुरुवात केली. मग फ्रान्सच्या सालोमाँ कंपनीची स्नोब्लेड आली आणि डालड्याचं झालं तेच झालं. कुठल्याही कंपनीची आखूड स्की लोकांच्या तोंडी स्नोब्लेड होऊन बसली. १९९८ पासून २००० पर्यंत अमेरिकेतल्या हिवाळी एक्स गेम्समध्ये तिच्या स्पर्धाही झाल्या. पुढं दोन्ही टोकं वळलेल्या लांब स्की निघाल्या, कसरती करणारी मुलं तिकडं गेली आणि आखूड स्कीची लाट ओसरली. पण ती संपली नाही. काही लहान कारखाने आजही ती बनवतात आणि युरोपातल्या भाड्याच्या दुकानांत ती मिळते. स्पर्धेतून उठून ती रोजच्या वापरात आली. एका अर्थी तिचं भलंच झालं म्हणायचं.

ती सोपी का वाटते? ज्यानं वाड्याच्या बोळातून दहा फुटी वासा वळवून नेला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. वासा वळवताना टोक कुठं जाईल याचा नेम नसतो, हातभर काठी मात्र मनगटाच्या झटक्यानं फिरते. स्कीचंही तसंच आहे. लांबी कमी, म्हणून वळवायला जोर कमी लागतो. नवशिक्याच्या लांब स्कींची टोकं एकमेकींवर चढतात आणि तो आपल्याच पायात अडकून पडतो. आखूड स्कीत हा त्रास फार कमी. शिवाय स्की मधोमध कमरेसारखी बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद असते. ती कडेवर कलली की या बाकामुळं आपोआप वर्तुळाकार वळते. लांब स्कीचं हे वर्तुळ बहुधा १२ ते १८ मीटर त्रिज्येचं असतं, आखूड स्कीचं साधारण ६ ते १० मीटरचं. म्हणून ती अरुंद वाटेवर आणि खडबडीत, उंचवट्यांच्या उतारावर चपळ असते.

पण लांबी कमी केली की काहीतरी द्यावंही लागतं. पहिली गोष्ट म्हणजे पुढंमागं आधार कमी. लांब स्कीवर माणूस जरा मागं रेलला तर शेपूट त्याला सावरते. आखूड स्कीवर रेलला तर थेट बैठक, पुढं झुकला तर लोटांगण. दुसरी गोष्ट वेगाची. वेग वाढला की ती थरथरू लागते, सरळ धरून ठेवणं कठीण जातं. तिसरी म्हणजे तळाचं क्षेत्रफळ. भुसभुशीत ताज्या बर्फात माणसाला वर तरंगत ठेवायचं काम हे क्षेत्रफळ करतं. ते घटलं की माणूस गुडघाभर रुततो. तेव्हा आखूड स्कीची जागा यंत्रानं दाबून सपाट केलेल्या उतारावर. रानातल्या अस्पर्श बर्फावर तिचं काम नाही.

आता निवड. आणि इथं मी थोडा आग्रहानं बोलणार आहे, कारण दुकानात पाच मिनिटांत होणाऱ्या या निवडीवर माणसाची नडगी अवलंबून असते.

सुरुवात बुटापासून करावी. बहुतेक जण फळीचे रंग बघत बसतात आणि बूट जो मिळेल तो चढवतात. खरं तर स्की चालवतो तो बूट. त्याचा आकडा सेंटिमीटरमध्ये असतो. पाऊल २७ सेंटिमीटर तर बूट २७ चा, इतका सरळ हिशेब. पायात एकच पातळ मोजा घालावा. थंडी म्हणून दोन घातले की घड्या पडतात, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतात. बूट घालून ताठ उभं राहिलं की बोटं पुढच्या अस्तराला हलकेच टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती जरा मागं सरली पाहिजेत. टाच मात्र जागची उचलता कामा नये. टाच उचलली जाते तो बूट मोठा. तो कितीही आरामशीर वाटला तरी परत करावा.

दुसरी गोष्ट लांबीची. आखूड स्कीत उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं. हलक्या माणसाला आणि मुलांना ७५ ते ९० सेंटिमीटर पुरते. भारदस्त माणसानं ९९ च्या आसपासची आणि जरा रुंद घ्यावी. मग स्की उलटी करून तळ पाहावा. तळ प्लास्टिकचा, पॉलिथिनचा असतो. खोल चर गेलेले नसावेत. तळ पांढुरका, कोरडा दिसला तर त्याला मेण लावायचं राहिलं आहे असं समजावं. स्की घसरते ती तिच्याखाली तयार होणाऱ्या पाण्याच्या अत्यंत पातळ थरावर, आणि मेणामुळं ती त्या पाण्याला चिकटून राहत नाही. कडेची पोलादी पट्टी तपासायची तर नखाची पाठ तिच्यावरून अलगद ओढावी. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे. न निघाला तर निबर बर्फावर ती स्की तुम्हाला थांबवणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बूट आणि स्की यांना जोडणारी जी कळ असते तिला बाइंडिंग म्हणतात. आपण बांधणी म्हणू. लांब स्कीची बांधणी ठरावीक जोर पडला की सुटते. माणूस पडला, पायाला पीळ बसला, की बूट खटकन मोकळा होतो आणि हाड वाचतं. किती जोरावर सुटायची हे आकड्यानं ठरवतात. त्यासाठी तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती तयार आहात एवढं विचारतात. इथं वजन चोरू नये आणि कौशल्य फुगवून सांगू नये. वजन चोरलं तर बांधणी नको तेव्हा सुटते, कौशल्य फुगवलं तर हवी तेव्हा सुटत नाही.

पुष्कळशा आखूड स्कींना मात्र ही सुटणारी बांधणी नसतेच. पुढं एक तारेची कडी, मागं एक खटका. एकदा आवळलं की आपण हातानं सोडीपर्यंत पाय अडकलेला. कारखानदारांचा हिशेब असा, की फळी आखूड, म्हणजे पीळ कमी, मग सुटायची गरज काय? हिशेब अर्धा खरा आहे. बर्फावरच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना असं आढळलं, की आखूड स्कीवर गुडघ्याच्या बंधांना होणारी इजा कमी असते, पण नडगीचं हाड मोडण्याचं प्रमाण जास्त, आणि ते प्रामुख्यानं या न सुटणाऱ्या बांधणीमुळं. गुडघा वाचतो पण पीळ खाली नडगीत उतरतो. भाच्याच्या ओळखीचा कोल्हापूरचा एक मुलगा असाच पडला. वेग कसला, सायकल हातात धरून चालावं इतका. फळी ओल्या बर्फात रुतली, अंग वळलं, पाय वळला नाही. नडगी पिळासारखी मोडली. पाच महिने तो कुबड्यांवर होता, घरी आईला सांगितलं होतं की पाय मुरगळलाय. तो मुलगा फार धाडसी नव्हता. त्याला दुकानात कुणी एक वाक्य सांगितलं नव्हतं, एवढंच.

ते वाक्य असं : आखूड स्की घ्यायची असेल तर सुटणाऱ्या बांधणीची मागा. अशी बांधणी असलेल्या आखूड स्की मिळतात. त्या जरा जड असतात, महाग असतात, पण घ्यायच्या तर त्याच. सुटणाऱ्या बांधणीला खाली दोन काटे असतात, ते बर्फात रुतून सुटलेल्या फळीला उभी करतात. न सुटणाऱ्या बांधणीला हे काटे नसतात, म्हणून तिला पायाशी बांधायची दोरी लागतेच. उतारावरून एकटी निघालेली फळी म्हणजे खाली उभ्या असलेल्या लेकरांवर सुटलेला कोयता.

चालवण्याविषयी थोडं. गुडघे जरा वाकलेले, नडग्या बुटाच्या पुढच्या जिभेला टेकलेल्या, हात समोर, जेवणाचं ताट धरल्यासारखे. पाय खांद्याइतके लांब. नजर पायाकडे नाही, पुढच्या वळणाकडे. नवशिक्यांना लांब स्कीची टोकं जुळवून नांगरासारखा त्रिकोण करायला शिकवतात, त्यानं वेग मोडतो. आखूड स्कीत हा नांगर दुबळा पडतो, कारण बर्फ खरवडायला लांबीच पुरेशी नसते. तेव्हा पहिल्या तासातच आडवं होऊन थांबायला शिकावं. दोन्ही फळ्या उताराला आडव्या, वजन खालच्या पायावर, कड बर्फात. थांबता येतं त्यानंच निघावं. वळताना वजन वळणाच्या बाहेरच्या पायावर द्यायचं, डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर. हे उलटं वाटतं, पण सायकलवाल्यांना आणि बैलगाडीवाल्यांना लवकर समजतं. काठ्या नसल्यानं पडताना हात पुढं जातात, म्हणून जाड हातमोजे हवेत. आणि हेल्मेट हवंच. आपल्याकडे दुचाकीवर जी सबबींची यादी चालते ती तिथं चालवू नये.

आणखी एक. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं उतारावरच्या वागणुकीचे दहा नियम केले आहेत. त्यातला मला फार आवडलेला नियम असा, की वरून येणाऱ्यानं खालच्याला सांभाळायचं. खालच्याला मागं डोळे नसतात, वरच्याला सगळं दिसतं, म्हणून जबाबदारी वरच्याची. थांबायचं तर कडेला थांबावं, पडलात तर लवकर बाजूला व्हावं. उतारांना रंग असतात. युरोपात निळा सोपा, तांबडा मधला, काळा अवघड. आखूड स्कीवाल्यानं पहिला आठवडा निळ्याशी इमान राखावं.

आता वाहून नेणं. लांब स्कीचे तळ एकमेकींना लावून, टोकं पुढं करून त्या खांद्यावर घेतात. पुढचा भाग हातानं खाली दाबून धरायचा आणि गर्दीत कुणी हाक मारली तर कधीही गर्रकन वळायचं नाही. कावडवाल्याला जे शहाणपण असतं तेच. आखूड स्की काखेत मावते किंवा पाठपिशवीच्या पट्ट्यांत उभी बसते. पण कडा उघड्या ठेवू नयेत. दोन्ही फळ्या तळाला तळ लावून पट्ट्यानं बांधाव्यात, मध्ये कापडाची चिंधी घालावी. बसमध्ये, रेल्वेत त्या उभ्या धराव्यात, मांडीवर आडव्या नाहीत. पाळण्याच्या डब्याला बाहेरून स्की ठेवायच्या खोबणी असतात, त्या लांब स्कीच्या मापाच्या. आखूड स्की त्यातून निसटू शकते, म्हणून ती हातात घेऊनच आत बसावं. विमानात ती मोठ्या थैलीत घालून सामानात द्यायची, हातातल्या पिशवीत नाही. आणि दिवसाच्या शेवटी फडक्यानं पुसून कोरडी करायची. ओल्या पिशवीत रात्रभर ठेवली की पोलादी कडांवर सकाळी तांबेरा. कोकणासारख्या दमट हवेत कुणी ती घरी आणून ठेवणार असेल तर तळाला आणि कडांना मेणाचा जाड थर देऊन पावसाळा काढावा.

इतका वेळ आल्प्सच्या गोष्टी सांगितल्या. आपल्या देशात यासाठी पहिलं नाव गुलमर्गचं. मुंबई, पुणे, नाशिकहून दर हिवाळ्यात कितीतरी कुटुंबं तिथं जातात आणि कुणी ना कुणी भाड्यानं स्की घेतंच. इंग्रजांच्या काळात, १९२७ मध्ये, तिथं स्की क्लब सुरू झाला. १९४८ मध्ये लष्करानं तिथं स्की शिकवणारी शाळा काढली. पुढं तीच अतिउंचीवरच्या युद्धाचं प्रशिक्षण देणारी संस्था झाली. १९६८ पासून केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था तिथं आहे. नवशिक्यानं अनोळखी माणसाच्या हाती पाय देण्याऐवजी अशा संस्थेत रीतसर शिकावं. पाळण्याचा पहिला टप्पा १९९८ चा, दुसरा २००५ चा. दुसरा टप्पा अफरवट पर्वतावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेऊन सोडतो. बर्फ भरपूर असलं की वरचा उतार म्हणजे भुसभुशीत, खोल, न दाबलेलं बर्फ. आखूड स्कीचा तो मुलूख नाही आणि नवशिक्याचा तर नाहीच. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथं हिमकडा कोसळून पोलंडचे दोन स्कीपटू गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक. गुलमर्ग या नावातला मर्ग काश्मिरी आहे, त्याचा अर्थ कुरण. फुलांचं कुरण. फारसीत मर्ग म्हणजे मृत्यू. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ वरच्या टप्प्याचं तिकीट काढताना आठवावेत.

याच भागातला आरिफ खान २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकला गेला. त्या वेळी भारताचा तो एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. त्याच्या वडिलांचं गुलमर्गात स्कीच्या साहित्याचं दुकान होतं. म्हणजे दुकानाच्या उंबऱ्यावरून ऑलिम्पिकपर्यंत वाट जाते. पण ती बर्फावरून जाते. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं पडलं होतं. ज्या कुरणावर कमरेएवढं बर्फ असायचं तिथं तपकिरी गवत दिसत होतं. पर्यटकांनी आरक्षणं रद्द केली आणि शिक्षक, दुकानदार, स्की वाहून नेणारे हमाल, स्लेज ओढणारे, सगळे आभाळाकडे बघत बसले. पाऊस लांबला की आपला शेतकरी जसा बसतो, तसेच. त्यांचं पीक पांढरं असतं, एवढाच फरक.

तेव्हा कधी जाल तर दुकानात घाई करू नका. चार प्रश्न विचारा. बूट माझ्या मापाचा आहे का? कडांना धार आहे का? बांधणी सुटणारी आहे का, आणि माझ्या वजनाला लावली आहे का? आणि सुटणारी नसेल तर दोरी कुठं आहे? निघण्याआधी आपल्या विम्यात बर्फावरचे खेळ धरले आहेत की नाहीत, तेही वाचून घ्या. पुष्कळ विम्यांत ते धरलेले नसतात. आणि तुमची स्की वाहून आणणाऱ्या माणसाला मजुरी आधी ठरवून, पुरी द्या. त्याचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा असतो.